बातमीचे मोल आणि बातमीची किंमत

(पत्रकार दिनाच्या निमित्ताने आटपाडी येथे झालेल्या व्याख्यानाचे हे संपादित शब्दांकन.)



आटपाडीत येऊन शब्दांविषयी बोलायचे, हे थोडे धाडसाचेच काम आहे. याच तालुक्यातील शेटफळे येथे ग. दि. माडगूळकर जन्मले. व्यंकटेश माडगूळकरांनी याच मातीतील माणसे मराठी साहित्यात आणून उभी केली. शंकरराव खरातांनी गावकुसाबाहेरचे जगणे येथूनच पाहिले आणि पुढे ते सगळ्या महाराष्ट्राला दाखविले. या तिघांनीही माणदेशाचा दुष्काळ लिहिला, पण तो लिहिण्यासाठी त्यांना कोणी मोबदल्याचे पाकीट दिले नव्हते. त्यांनी जे पाहिले ते लिहिले, एवढेच. आजच्या विषयाचे सार खरे म्हणजे या एका वाक्यात आले आहे. तरीही तो थोडा उलगडून पाहू.

विषय आहे, वृत्तपत्रांचा नफा आणि बातमीचा दर्जा. सहा जानेवारीला आपण पत्रकार दिन साजरा करतो, कारण १८३२ मध्ये या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी, अशी त्याची रचना होती. साडेआठ वर्षे ते चालले आणि १८४० मध्ये बंद पडले. स्वतः बाळशास्त्रींना आयुष्य लाभले जेमतेम चौतीस वर्षांचे. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले, तर ‘दर्पण’ हा फसलेला धंदा म्हणावा लागेल. परंतु आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी आपण त्याचाच दिवस पाळतो, त्या काळी मुंबईत भरभराटीला आलेल्या एखाद्या पेढीचा नव्हे. समाज कशाला मोल देतो, हे यातून दिसते.

पूर्वसूरींचा हिशेब

मात्र जुन्या काळाचे चित्र रंगवताना आपण भाबडे होता कामा नये. पूर्वी सारे त्यागी होते आणि आज सारे लोभी झाले, असे म्हणणे सोपे आहे, खरे नाही. लोकमान्यांच्या ‘केसरी’तही जाहिराती छापल्या जात. वृत्तपत्राला कागद लागतो, शाई लागते, जुळाऱ्याला पगार द्यावा लागतो. हे तेव्हाही होते, आजही आहे. फरक होता तो इतकाच की, वृत्तपत्राचा खरा पोशिंदा वर्गणीदार होता. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला आणि १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. पुढे १९०८ मध्ये ‘केसरी’तील लेखांसाठी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व मंडालेला जावे लागले. संपादक तुरुंगात गेला तरी वाचक वर्गणी पाठवीत राहिला, म्हणून पत्र जगले. ज्याच्या पैशावर पत्र चालते, त्याचेच ते ऐकते. वर्गणीदाराच्या पैशावर चालले, तेव्हा त्याने वर्गणीदाराचे ऐकले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट याहून कठीण. १९२० मध्ये त्यांनी ‘मूकनायक’ काढले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये साहाय्य दिले. पण ज्यांच्यासाठी पत्र होते, त्यांच्या हाती वर्गणीला पैसाच नव्हता आणि जाहिरातदाराला अशा वाचकाची गरज नव्हती. ‘मूकनायक’ थांबले, पुढे ‘बहिष्कृत भारत’ही आर्थिक ओढाताणीतच थांबले. म्हणजे बाजाराच्या नियमावर सोडले, तर ज्याच्या खिशात पैसा नाही त्याचा आवाज छापलाच जात नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः अनुभवले होते. म्हणूनच १९४३ च्या जानेवारीत पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात ते म्हणाले की, हिंदुस्थानातील पत्रकारिता पूर्वी एक व्रतस्थ व्यवसाय होती, ती आता व्यापार झाली आहे, आणि साबण बनविण्याच्या धंद्याइतकेच नैतिक प्रयोजन तिच्यात उरले आहे. हे शब्द सत्ताबदलापूर्वीचे आहेत. दूरचित्रवाणी तेव्हा आपल्याकडे नव्हती, रंगीत पुरवण्या नव्हत्या. रोग जुना आहे, हे एवढ्यासाठी सांगितले.

भांडवल असणे म्हणजे पाप नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नफा हा शब्द उच्चारताच नाक मुरडण्याचे कारण नाही. तोट्यातील वृत्तपत्र तर अधिक धोक्याचे, कारण ते कोणालाही विकत घेता येते. याच औंध संस्थानच्या छत्राखाली, ज्यात आपले आटपाडीही होते, किर्लोस्करवाडी वसली. तेथील कारखान्याचे मुखपत्र म्हणून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी मासिक सुरू केले. नांगर आणि चरक विकणाऱ्या कारखान्याचे मासिक! त्याने फार तर स्वतःच्या मालाची जाहिरात करावी, अशी अपेक्षा. पण त्याच ‘किर्लोस्कर’मधून स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध प्रसिद्ध झाले. रूढिप्रिय वाचकाला ते झोंबणारे होते. वाचक दुखावेल, खप घटेल, असा विचार संपादकाने केला असता, तर मराठी विचारविश्व किती दरिद्री राहिले असते! मालक उद्योगपती आहे की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. मालकाचा हिशेब संपादकाच्या टेबलापर्यंत पोहोचतो की नाही, हा खरा प्रश्न.

पुण्यात १९३२ च्या पहिल्या दिवशी नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ सुरू केला. अमेरिकेत शिकून आलेले परुळेकर व्यवहारदक्ष होते. सामान्य माणसाच्या दाराशी घडणारी बातमी ही बातमीच होय, हे त्यांनी ओळखले व पत्र आर्थिकदृष्ट्या पायावर उभे केले. याच ‘सकाळ’च्या नावाने आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निर्णय आहे, आणि आपल्या विषयाचे मूळ समजून घ्यायचे तर तो ठाऊक असलाच पाहिजे.

सात नव्या पैशांचा खटला

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ मध्ये अहवाल दिला. आयोगाच्या लक्षात आले की, मोठी पत्रे जाहिरातींच्या बळावर कमी किमतीत अधिक पाने देतात आणि लहान पत्रांचा श्वास कोंडतो. उपाय म्हणून १९५६ मध्ये कायदा झाला. त्याअन्वये १९६० मध्ये आदेश निघाला की, अमुक किमतीला अमुक इतकीच पाने. ‘सकाळ’ तेव्हा आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देई व अंकाची किंमत होती सात नवे पैसे. नव्या आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ पानेच देता येणार होती; नाही तर किंमत वाढविणे भाग होते. ‘सकाळ’ न्यायालयात गेला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा व आदेश रद्द ठरविला. पाने आणि किंमत यांवर बंधन घालणे म्हणजे विचार किती लोकांपर्यंत पोहोचावा यावरच बंधन घालणे होय, आणि घटनेने ते मान्य केलेले नाही, असा त्याचा आशय.

हा निर्णय स्वातंत्र्याच्या बाजूचा होता आणि योग्यच होता. शासनाच्या हाती वृत्तपत्राची पाने मोजण्याची पट्टी देणे किती घातक, हे पुढे चौदा वर्षांनी आणीबाणीने दाखवून दिले. परंतु आयोगाने दाखविलेला रोग मात्र न्यायालयाच्या निर्णयाने बरा झाला नाही. तो न्यायालयाचा विषयही नव्हता. अंकाची किंमत उत्पादनखर्चापेक्षा कितीतरी खाली राहिली आणि मधली दरी जाहिरातदार भरू लागला. आपल्या दारात सकाळी पडणारा अंक घ्या. कागद, छपाई, वाहतूक, विक्रेत्याची दलाली, कर्मचाऱ्यांचे वेतन, हे सारे आपण देतो त्या चार-पाच रुपयांत भागत नाही, हे कोणीही साधा हिशेब मांडून पाहील. मग उरलेले पैसे कोण देतो? जो देतो, त्याच्यासाठी आपण वाचक नसतो. आपण त्याचा माल असतो. आपले डोळे, आपली खरेदीची ऐपत त्याला विकलेली असते.

यातून पुढची पायरी ओघानेच आली. ज्याची खरेदीची ऐपत मोठी, त्याच्या आवडीची बातमी मोठी. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २००६ मधील एक प्रसंग नोंदविला आहे. मुंबईतील एका फॅशन सप्ताहाच्या वार्तांकनासाठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार जमले होते. तेथे मिरविली जात होती सुती वस्त्रे. त्याच दिवसांत, तेथून विमानाने तासाभराच्या अंतरावर असलेल्या विदर्भात कापूस पिकविणारे शेतकरी आत्महत्या करीत होते आणि बाहेरून तेथे गेलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. साईनाथांची आणि आपली वैचारिक बैठक एक नाही. पण त्यांनी दाखविलेला हा विरोधाभास नाकारता येणार नाही. सत्य कोणी सांगितले हे पाहून ते स्वीकारायचे की नाही हे ठरवू लागलो, तर आपणही बाजारातलेच एक गिऱ्हाईक ठरू.

विकाऊ बातमीचे पर्व

जाहिरात जोवर जाहिरात म्हणून छापली जाते, तोवर वाचक सावध असतो. कीड लागली ती जाहिरात बातमीचा वेष घेऊन आली तेव्हा. देशातील सर्वांत मोठ्या वृत्तपत्रसमूहाने २००३ मध्ये ‘मीडियानेट’ नावाची व्यवस्था सुरू केली. पुरवणीत झळकायचे असेल तर दर ठरलेला. २००५ मध्ये त्याच समूहाने ‘प्रायव्हेट ट्रीटीज’ ही योजना आणली. कंपनीने जाहिरातीच्या बदल्यात पैशाऐवजी आपले समभाग द्यावयाचे. आता ज्या कंपनीचे समभाग वृत्तपत्राच्या तिजोरीत आहेत, तिच्याविषयी वाईट बातमी ते पत्र कशी छापणार? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या ‘सेबी’लाही हा प्रश्न पडला. तिने २००९ मध्ये वृत्तपत्र परिषदेकडे चिंता व्यक्त केली आणि २०१० मध्ये असे हितसंबंध वाचकांपुढे जाहीर करावेत, असा दंडक आला.

व्यापारी बातमीत जे चालले, ते राजकीय बातमीत यायला वेळ लागला नाही. २००९ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. मतदानापूर्वीच्या दिवसांत अनेक दैनिकांतून तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर स्तुतिपर पानेच्या पाने प्रसिद्ध झाली. काहींवर ‘अशोक पर्व’ असे शीर्षक होते. साईनाथ यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ‘द हिंदू’मध्ये हे प्रकरण मांडले. त्यांनी जमविलेली पूर्ण पाने ४७ होती. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत, काही दिवसांच्या अंतराने, एकच मजकूर शब्दशः छापलेला आढळला. तीन वेगळ्या संपादकांना एकाच वेळी, एकाच शब्दांत, एकच स्फूर्ती व्हावी, हा चमत्कारच म्हणायचा! निवडणूक खर्चाच्या विवरणात वृत्तपत्रीय जाहिरातींवरचा खर्च मात्र दाखविला होता ५,३७९ रुपये.

पुढे काय झाले, तेही पूर्ण सांगितले पाहिजे, नाही तर आपणही अर्धी बातमी देण्याचा दोष पत्करू. प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले. खर्चाचे विवरण खरे की खोटे हे तपासण्याचा अधिकार आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये सांगितले. जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते दोषी ठरले नाहीत. पुढे २०२४ मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. हे मी येथे मुद्दाम सांगतो. कारण हा एका पक्षाचा रोग आहे असे मानून टाळ्या वाजवून घरी जाणे सोपे आहे. उत्तर प्रदेशात एका छोट्या पक्षाच्या आमदार उमलेश यादव यांना अशाच प्रकरणात २०११ मध्ये आयोगाने अपात्र ठरविले. मध्य प्रदेशात भारतीय जनता पक्षाचे मंत्री नरोत्तम मिश्रा यांना २०१७ मध्ये आयोगाने अपात्र ठरविले; त्यांच्याही बाबतीत पुढच्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश फिरविला. आदेश होतात, आदेश फिरतात. पुरावा हाती लागत नाही, कारण या व्यवहाराची पावतीच फाडलेली नसते.

पावती का नसते, याचा विचार करा. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते; २००९ मध्ये विधानसभेसाठी ती दहा लाख रुपयांची होती. जाहिरात दिली तर ती खर्चात धरली जाते. बातमी आली तर धरली जात नाही. म्हणून जाहिरातीपेक्षा बातमी स्वस्त पडते आणि अधिक परिणामकारकही ठरते. या एका व्यवहारात तीन चोऱ्या होतात. वाचकाच्या विश्वासाची चोरी, निवडणूक कायद्याची चोरी आणि कराची चोरी. आणि चौथा अन्याय होतो तो त्या उमेदवारावर, ज्याच्याकडे देण्यासाठी पैसा नाही. तो सभा घेतो, दारोदार फिरतो, पण दुसऱ्या दिवशीच्या अंकात तो अस्तित्वातच नसतो.

वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये परंजय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीकडून सविस्तर अहवाल तयार करून घेतला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. परिषदेने तो मूळ अहवाल बाजूला ठेवून संक्षिप्त अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांपुढे आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. सत्य प्रकाशात आणण्याचा दावा करणाऱ्यांचे सत्य बाहेर काढायला माहितीचा अधिकार वापरावा लागला! नंतर २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आणि २०१५ मध्ये विधी आयोगाने कठोर शिफारशी केल्या. विकाऊ बातमी हा निवडणूक गुन्हा ठरवावा, असे विधी आयोगाने सुचविले. वृत्तपत्र परिषदेच्या हाती मात्र १९७८ च्या कायद्याने ताकीद देणे, समज देणे व निषेध नोंदविणे एवढेच ठेवले आहे. दात नसलेल्या राखणदाराला चोर कितपत भितील?

कोरी जागा आणि भरलेली जागा

सभागृहात अशी काही मंडळी आहेत, ज्यांनी आणीबाणी भोगली आहे. संघावर बंदी होती, हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते आणि वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण होते. २८ जून १९७५ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेने वाचकाला सर्व काही सांगितले. येथे काहीतरी होते आणि ते दडपले गेले आहे, हे अक्षरशत्रूलाही कळले.

बाजाराचे नियंत्रण असे दिसत नाही. तेथे जागा कधीच कोरी राहत नाही. दडपलेल्या बातमीच्या ठिकाणी दुसरे काहीतरी रंगीत, चटकदार येऊन बसते आणि काही गळले आहे याची वाचकाला शंकाही येत नाही. राजसत्तेचा अंकुश दुखतो, म्हणून त्याविरुद्ध माणूस उठतो. नफ्याचा अंकुश गुदगुल्या करतो, म्हणून त्याविरुद्ध कोणी उठत नाही. दोन्ही अंकुशच. आणि दोघे हातमिळवणी करतात तेव्हा तर विचारूच नका. शासकीय जाहिरातींचे हत्यार प्रत्येक सरकारच्या हाती असते, मग ते सरकार कोणाचेही असो. आपल्या आवडीच्या सरकारने ते चालविले म्हणून त्याची धार बोथट होत नाही.

नफ्याचा लोभ राष्ट्राच्या सुरक्षेवर कसा उठतो, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईने पाहिले. ताज, ओबेरॉय व नरिमन हाऊस येथे आपले जवान प्राण पणाला लावून लढत होते आणि वाहिन्या त्यांची प्रत्येक हालचाल थेट दाखवीत होत्या. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच पाहून अतिरेक्यांना दूरध्वनीवर सूचना देत होते. कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर कठोर ताशेरे ओढले. या प्रक्षेपणाने जनहित साधले नाही, ते व्यापारी हितासाठी होते आणि त्याने सुरक्षा दलांना धोक्यात घातले, असा त्याचा अभिप्राय होता. अखेर २०१५ मध्ये नियमात दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास बंदी झाली. त्या रात्री कोणा वाहिनीच्या मनात देशद्रोह नव्हता. शेजारच्या वाहिनीपेक्षा आपण मागे पडू, ही भीती होती. प्रेक्षकसंख्येच्या स्पर्धेला विवेक नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

तालुक्याचा वार्ताहर

मुंबई-दिल्लीविषयी बोलणे सोपे असते. आता आटपाडीविषयी बोलू.

दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणजे कोण? बहुतेक ठिकाणी तो पगारी कर्मचारी नसतो. त्याला मिळते ते अल्पसे मानधन आणि जाहिरातीवरील कमिशन. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळीचा अंक, प्रजासत्ताक दिनाचे शुभेच्छा पान, नेत्याच्या वाढदिवसाची विशेष पुरवणी, या प्रत्येकासाठी त्याच्यापुढे उद्दिष्ट ठेवले जाते. जाहिरातीचे पैसे वसूल झाले नाहीत, तर ते त्याच्या कमिशनातून कापले जाण्याची भीती. आणि तालुक्यात जाहिरात देणारे कोण? साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिती, शिक्षणसंस्था, दवाखाना, ठेकेदार. म्हणजे ज्यांच्यावर पत्रकाराने नजर ठेवायची, त्यांच्याच दारात तो पावतीपुस्तक घेऊन उभा! पतसंस्थेच्या वर्धापनदिनाचे अर्धे पान ज्याने मिळविले, तो तिच्या थकलेल्या कर्जांची बातमी कोणत्या तोंडाने देईल? पतसंस्था बुडते तेव्हा ठेवीदाराला ते कळते कुलूप लागल्यावर. त्याआधी त्याने वाचलेले असते ते अध्यक्षांचे अभीष्टचिंतन.

या पत्रकार बंधूंना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. उलट अशा परिस्थितीतही जो एखादी खरी बातमी पाठवितो, त्याला मी मनापासून नमस्कार करतो. दोष त्या व्यवस्थेचा आहे, जी वार्ताहराला वार्ताहर म्हणून नेमते आणि जाहिरात वसुलीला पाठविते. २०२० च्या टाळेबंदीत जाहिराती आटल्या, तेव्हा पाने कमी झाली, आवृत्त्या बंद पडल्या आणि पहिली कुऱ्हाड बातमी आणणाऱ्यांवरच कोसळली.

याचा परिणाम माणदेशावर काय होतो? आपल्या तालुक्याची सर्वांत मोठी बातमी कोणती, तर पाणी. १९९३ पासून येथे पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांतील माणूस जागा केला. त्यांचा मार्ग आपल्यापेक्षा वेगळा होता, पण त्यांची तळमळ नि:संशय होती. कराड तालुक्यातील टेंभू येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने माणदेशाकडे आणण्याची योजना आकाराला आली. पाणी आले, ही बातमी झाली. पण पाणी कोणाच्या शेतात आले, शेवटच्या टोकाच्या गावाला पाळी मिळाली का, वीजबिलाचा वाटा कोणी भरला आणि कोणाच्या नावे थकला, ही खरी बातमी आहे. ती आणायला चार दिवस कालव्याने फिरावे लागते, कार्यालयात कागद पाहावे लागतात, शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते. त्यासाठी पेट्रोल लागते, वेळ लागतो. या बातमीवर कोणी जाहिरात देत नाही. म्हणून ती येत नाही. छायाचित्र येते ते जलपूजनाचे.

खोटी बातमी ही वरवर दिसणारी पुळी आहे. न आलेली बातमी हा खरा, आतला रोग आहे.

आपण काय करायचे?

शासनाने कायदा करावा, परिषदेला अधिकार द्यावेत, मालकांनी लाज बाळगावी, हे सारे म्हणून झाले. पण दुसऱ्याच्या कर्तव्याची यादी करून थांबणे ही कार्यकर्त्याची रीत नव्हे.

पहिली गोष्ट, बातमीची किंमत मोजण्याची तयारी ठेवू या. भ्रमणध्वनीवर फुकट मिळते ते वाचायचे आणि वर दर्जा घसरला म्हणून कुरकुर करायची, हे न्यायाचे नाही. खरसुंडीच्या यात्रेत खिलार घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, आणि जनावर चोख असेल तर दोन पैसे जास्त देतो. दैनिकाचे मात्र आपण रद्दीचा भाव आणि वर्गणीवर मिळणारी बादली पाहून ठरवितो. चांगल्या नियतकालिकाची वर्गणी स्वतःच्या पैशाने भरणारी शंभर घरे प्रत्येक गावात उभी राहिली, तर संपादकाचा कणा ताठ राहील.

दुसरी गोष्ट, वाचायला शिकू या आणि मुलांना शिकवू या. मजकुराखाली वार्ताहराचे नाव आहे का? दुसरी बाजू विचारली आहे का? पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जाहिरात’ असे छापले आहे का? तीच स्तुती, त्याच शब्दांत, दुसऱ्या पत्रातही आहे का? घरात रोज दहा मिनिटे हा अभ्यास झाला, तर शाळेच्या नागरिकशास्त्रापेक्षा अधिक उपयोगाचा ठरेल. निवडणुकीच्या काळात जिल्हा पातळीवर आयोगाची माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. संशयित बातमीची तक्रार पुराव्यासह तेथे करता येते. ती सामान्य मतदारानेही करावी.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. हाच मापदंड आपल्या माणसांना लावू या. आपल्या विचाराचा उमेदवार पूर्ण पान भरून झळकतो, तेव्हा आपल्याला आनंद होतो. ते पान कोठून आले, हे आपण विचारीत नाही. आपल्या संस्थेच्या कार्यक्रमाची बातमी यावी म्हणून कोणी पाकीट पुढे केले, तर आपण नजर दुसरीकडे वळवितो. कार्यक्रम झाला, प्रसिद्धिपत्रक द्यावे, छायाचित्र द्यावे, आणि छापायचे की नाही हे संपादकावर सोडावे. नाही छापले तर नाही. ज्या कार्याला बातमी विकत घ्यावी लागते, त्याने आधी स्वतःकडे पाहावे. विचारांची नियतकालिके चालविणाऱ्यांनाही हे लागू आहे. आपल्या विशेषांकातही जाहिरातदार असतात. त्यातील एखाद्याविषयी उद्या अप्रिय सत्य छापण्याची वेळ आली, तर आपण छापू का, हा प्रश्न प्रत्येक संपादकाने स्वतःला विचारावा. निष्ठा विचारावर असेल, तर उत्तर होकारार्थी असले पाहिजे. विचाराची निष्ठा सत्याच्या निष्ठेहून वेगळी काढली की तिचा प्रचार होतो, आणि प्रचार हाही शेवटी एक बाजारच.

शेवटी एकच. बाळशास्त्रींनी आपल्या पत्राला ‘दर्पण’ हे नाव दिले, ते विचारपूर्वक दिले असावे. आरशाला स्वतःचा चेहरा नसतो. समोरचा जसा असेल तसा तो दाखवितो. पण आरसा फुकट मिळत नाही. त्याचे पैसे आपण दिले नाहीत, तर ज्याला आपला चेहरा रंगवून दाखवायचा आहे तो देईल, आणि मग त्या आरशात आपल्याला समाज दिसणार नाही, दिसेल तो त्याचाच चेहरा. माणदेशाने दुष्काळात दिवस काढले, पण पाण्यासाठी झगडणे सोडले नाही. खऱ्या बातमीचा दुष्काळही तसाच आहे. तो आभाळाकडे पाहून हटणार नाही. त्यासाठीही उभे राहावे लागेल, आणि ते गावागावातील वाचकालाच करावे लागेल.